थंड इंजिनाचा आवाज

ह्यांच्या गाडीचा आवाज मला पुन्हा एकदा ऐकायचा होता. तेवढ्यासाठी मी त्या दिवशी सकाळी लेकीबरोबर गॅरेजात गेले. तिला मात्र सांगितलं, घरात बसून कंटाळा येतो.

गाडी दोन माणसांची, बुटकी, लाल. लाल होती म्हणायचं. आता रंग विटून विटेसारखा झालाय. हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. त्या पगारात असली स्पोर्ट्स कार म्हणजे दारात हत्ती बांधण्यातलाच प्रकार. पण ह्यांनी कुणाच्या तरी परसातून, आत कोंबड्या अंडी घालत होत्या अशी मोडकी गाडी ओढून आणली आणि स्वतःच्या हातांनी चालती केली. माझी जाऊ तिला माझी सवत म्हणायची. मी म्हणायचे, "असू दे. स्वयंपाकघरात लुडबुडत नाही, एवढी गुणी सवत कुठे मिळते?"

सुट्टीच्या दिवशी पहाटे हे तिला घेऊन निघायचे. इंजिन रात्रभर थंड पडलेलं असायचं. त्यात आत एक चेन असते, टायमिंग चेन. ती सैल झाली होती. चावी फिरवली की तेल वर चढेपर्यंत ती खडखडायची, डब्यात कुणी मूठभर खिळे घालून हलवावेत तशी. क्षणभरच. मग गाडी गप्प व्हायची, फाटक वाजायचं आणि मी पुन्हा झोपायचे. परत येताना इंजिन तापलेलं, त्यामुळे आवाज नाही. हे आले की नाही ते बाथरूममध्ये पाणी पडायला लागल्यावर कळायचं. म्हणजे तो आवाज फक्त जाण्याचा होता. तेव्हा मला त्याचा रागच यायचा. झोपमोड व्हायची ना.

हे गेल्यावर गाडी त्यांच्या मित्राच्या गॅरेजात, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. ह्या मित्राला सगळे कानसेन म्हणतात. ते नाव ह्यांनीच ठेवलेलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो गाडीचं दुखणं सांगायचा. आता त्याला एका कानानं कमीच ऐकू येतं, पण नाव काही निवृत्त झालं नाही. माझी लेक दातांची डॉक्टर. तिनं यंदा मनावर घेतलं की बाबांची गाडी चालती करायची आणि आपल्या गावी चालवत न्यायची. ब्रेक झाले, टायर झाले. राहिली होती एक गळती. इंजिनाच्या तोंडाशी, चेनवर जी दोन कव्हरं असतात तिथून तेल झिरपत होतं.

आम्ही पोचलो तर गाडी सुरूच होती.

मी दाराशीच थबकले. बॉनेट उघडं, इंजिनाच्या पुढच्या अंगाला पांढरी पावडर फासलेली, आणि इंजिन संथ गुरगुरतंय. तापलेलं.

"या वहिनी!" कानसेन ओरडला. "एका फटक्यात सुरू झाली तुमची राणी!"

"अहो भावजी, आम्ही येईपर्यंत थांबायचं तरी!"

"थांबून कसं चालेल? गरम तेल पातळ होतं, तेव्हा कुठे ते चोरवाटा दाखवतं. बघ पोरी, पावडर कुठे काळी पडली ते."

लेक टॉर्च घेऊन वाकली. "वरच्या कव्हरच्या डाव्या कोपऱ्यात. आणि खालच्याच्या जोडावर. काका, ही तोंडाला लावायची पावडर आहे?"

"तुझ्या काकूची. सांगू नकोस."

"आम्हीही दातांवर रंग लावतो, कुठे घाण चिकटलीय ते दिसायला."

"मग धंदा एकच. फक्त माझी पेशंट ओरडत नाही."

मी विचारलं, "आता बंद केली तर पुन्हा पूर्ण थंड कधी होईल?"

"उद्या सकाळी. का हो?"

"काही नाही. सहज."

सांगणार तरी काय? की एका आजारी चेनचा खोकला ऐकायला आलेय म्हणून? लेकीची सुट्टी संपत आलेली, तो पाने घेऊन तयार. मी स्टुलावर बसले. गाडी जरा निवल्यावर त्यानं तेल काढून टाकलं, पंखा काढला, पट्टा काढला, पुढची जड पुली काढली. एका पुठ्ठ्यावर त्यानं कव्हरचा आकार काढून भोकं पाडली होती. प्रत्येक बोल्ट निघाला की आपापल्या भोकात. कारण कुठला लांब, कुठला आखूड. जागा चुकली तर सगळंच बिघडतं. हे घरी असंच करायचे. माझ्या साड्यांच्या खोक्यांना भोकं पाडून.

कव्हर जुन्या सीलंटनं घट्ट बसलं होतं. कानसेननं लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकलं, आणि ते चर्रकन सुटलं. त्यानं ते उलटं करून उजेडात धरलं आणि शीळ घातली.

"वहिनी, इकडे या. हे बघा."

कव्हरच्या आतल्या बाजूला एक चर पडला होता. बाकी सगळा धातू तेलानं तपकिरी झालेला, आणि हा चर चांदीसारखा चकचकीत. मी बोट घालून पाहिलं. बोटाचं पेर सहज बसलं.

"सैल चेन इथे घासायची. तो खडखडाट यायचा ना सकाळी, तो हा. दर वेळी थोडं थोडं खात गेली."

म्हणजे इतक्या पहाटा इथे होत्या. मी बोट काढलंच नाही.

"त्याला हजारदा सांगितलं होतं," कानसेन म्हणाला. "टेन्शनर बदल, म्हणजे चेनला ताणून धरणारा हा दट्ट्या. साधं काम. तर म्हणायचा, राहू दे रे. ती त्या आवाजावर कूस बदलते."

"कोण?" लेकीनं विचारलं.

"कोण म्हणजे? तुझी आई."

"काहीतरीच," मी म्हणाले.

"मी म्हटलं त्याला, आळशी आहेस, बायकोचं नाव पुढे करू नकोस. खरं तर आळशीच होता."

लेक हसली. मीही हसले. पण मनात तेच घोळत राहिलं. मी कूस बदलायचे, खरं आहे. भिंतीकडे तोंड करून पांघरूण वर ओढायचे. पण हे तर तेव्हा खाली गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून. त्यांना कसं कळलं? विचारायला माणूस हवं होतं.

"तर नवा टेन्शनर आणलाय मी," कानसेन म्हणाला. "चेनही नवी, ती ज्यांवरून सरकते त्या पट्ट्याही नव्या. उघडलंच आहे तर सगळं घालून टाकू. खडखड कायमची बंद."

"फक्त गळती बंद केली तर?" माझ्या तोंडून निघून गेलं. "चेन राहू दे. एवढी वर्षं चाललीच ना?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, चेन एक दात जरी चुकली तर आत भुगा होईल इंजिनाचा."

"आई," लेक हळूच म्हणाली, "मी हिला चारशे किलोमीटर नेणार आहे. एकटी."

ती माझ्यासमोर उभी होती, कोपरापर्यंत काळी, नाकावर पावडर. मला तिची लाज वाटली नाही, माझीच वाटली, आणि तरीही तो आवाज हवाच होता. दोन्ही एकाच वेळी. म्हातारपणी माणूस शहाणं होतं म्हणतात, तसं कुठलं माणूस होतं कोण जाणे.

"घाला," मी म्हणाले. "सगळं नवं घाला."

मग दिवसभर घासणं चाललं. जुनं सीलंट खरवडायला लेकीनं प्लास्टिकची पट्टी घेतली, कारण लोखंडानं ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि ओरखड्यातून तेल वाट काढतं. दातांवरची घाण काढावी तशी ती कडेकडेनं, श्वास रोखून काढत होती. कानसेन म्हणाला, "तोंड उघडा म्हण तिला." दोन्ही कव्हरं स्पिरिटनं पुसली, त्यांच्या कडा काचेवर ठेवून सपाट आहेत ना ते पाहिलं. नवी चेन बसली, खुणा जुळल्या. नवं पॅकिंग, आणि जिथे जोड येतात तिथे सीलंटची बारीक रेघ. जास्त लावलं तर आत लोंबतं आणि तुटून तेलाच्या वाटेत अडकतं. बोल्ट आपापल्या भोकातून आपापल्या जागी गेले. सीलंट रात्रभर सुकायला हवं म्हणून आम्ही घरी आलो. जेवताना लेक रस्त्याबद्दल बोलत होती. मी हो हो करत होते.

दुसऱ्या दिवशी ताजं तेल भरलं. लेक स्टिअरिंगवर बसणार होती, पण तिला खालून गळती पाहायची होती. ती टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाली. स्टिअरिंगवर कानसेन बसला.

"वहिनी, दचकू नका हं," तो खिडकीतून म्हणाला. "टेन्शनर नवा आहे, रिकामा. त्यात तेल भरेपर्यंत जरा गलका करील. ह्या एकाच वेळी. मग जन्मात नाही."

मला कळायच्या आत त्यानं चावी फिरवली.

तोच. डबा, खिळे, तीच घाई. थोडा पातळ असेल, थोडा नवखा, पण तोच. माझ्या पाठीला गादी लागली, खिडकीतून गार वारा आला, आणि हे खाली होते. खाली होते आणि निघाले होते, आणि मला वाटलं, आता फाटक वाजेल. मी वाट पाहिली.

आवाज थांबला. गाडी संथ गुरगुरायला लागली.

"कोरडं आहे!" लेक खालून ओरडली. "आई, एक थेंब नाही!"

"छान गं," मी म्हणाले. मग खिडकीशी गेले. "भावजी, पुन्हा एकदा लावा ना."

"लावतो की. पण आता नाही वाजणार. तेल भरलं त्यात."

"तरी लावा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी बंद केली. थोडं थांबला. पुन्हा लावली. ती निमूट, एका दमात सुरू झाली. त्यानं बंद करून आणखी एकदा लावली, तशीच. लेक गाडीखालून निघून कपडे झटकत विचारत होती, काय झालं, काही बिघडलंय का. आणि मी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून, पुढे वाकून ऐकत होते.