ढमीचे सहा किलोमीटर

"वहिनी, माझं पाखरू घरात! तुमची ढमी बहुतेक बसने येतेय," फोनवर शिंपी खो खो हसला.

धाकट्या सुनेने फोन ठेवला आणि घड्याळ पाहिलं. गच्चीत सासरे मोजायची टेप मांडीवर घेऊन बसले होते. खुराड्याच्या जागी पाण्याची नवी टाकी बसवायची, म्हणून मापं घेऊन मोकळे झाले होते. घरात ठरलंच होतं तसं. ढमी आजची कबुतरांची शर्यत जिंकली तर खुराडं राहील. हरली तर सगळी कबुतरं शिंप्याकडे.

"संपलं की गं."

"नाही बाबा. आधी येण्याला किंमत नाही. अंतर भागिले वेळ, जिचा वेग जास्त ती पहिली."

सकाळी लांबच्या एका शहरातून सगळी कबुतरं एकदम सोडली होती. मोटारीला सात तास लागतात, रस्ता डोंगराला वळसा घालतो. पाखरं सरळ रेषेत चार तासांत येतात. शिंप्याचं घर इथल्या शहराच्या अलीकडच्या टोकाला, हे घर पलीकडच्या. मधले सहा किलोमीटर उडायला पाच मिनिटांहून थोडा कमी वेळ. ढमीच्या हातात तेवढाच अवधी होता.

त्यातला निम्म्याहून जास्त संपला, तेव्हा पाण्याच्या जुन्या टाकीवरून एक ठिपका खाली आला. ढमी कठड्यावर उतरली. मान वाकडी करून तिने पाहिलं आणि तिथेच बसली. पायातली कडी खुराड्याच्या दारातल्या पट्टीला लागून 'टुक्' वाजेपर्यंत पाखरू पोचलं असं धरत नाहीत.

"ये, ये!" सुनेने दाण्यांचा डबा खुळखुळवला. ढमी दोन पावलं मागे सरकली.

"आता घोडं कुठे पेंड खातंय?" सासरे उठले. टेप गडगडत गेली, त्यांना पत्ता नव्हता.

ढमी एकटक तिच्याकडेच बघत होती. सुनेने खाली पाहिलं. जिंकल्यावर फोटो निघेल म्हणून सकाळीच घातलेला भडक पिवळा ड्रेस! अंड्यातून बाहेर आल्यापासून ढमीने तिला एकाच विटक्या निळ्या गाऊनमध्ये पाहिलं होतं. गुडघ्याला बाशिंग बांधलं, दुसरं काय!

गाऊन दोरीवर होता, चिंब ओला. तिने तो तसाच ड्रेसवरून अंगात ओढला.

"मी आहे गं, मीच!"

ढमीने पंख उघडले आणि थेट दारात. टुक्.

आयोजकांचा फोन सासऱ्यांनीच घेतला. "किती? परत सांगा. अहो, मोठ्याने सांगा, सूनबाईला ऐकू दे!"

पहिली. थोडक्यात, पण पहिली.

सासऱ्यांनी टेप शोधून काढली आणि ते जिन्यावरच्या छपराचं माप घ्यायला लागले. "टाकी इथे मावेल. तू खाली जा, फोटोवाले येतील."

"गाऊन बदलून जाते."

"खबरदार! आहे तश्शी जा." ते टेप गुंडाळत म्हणाले, "आणि आधी शिंप्याला फोन लाव. सांग, ढमीची बस वेळेवर पोचली."