पौषातला पळस

नंदनवन वस्तीच्या मागच्या मैदानात पळसाखाली दीडेकशे माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. जानेवारीचा पहिला आठवडा, पौष महिना, आणि झाड केशरी फुलांनी भरलेलं. नाल्यापलीकडे आणखी चार पळस होते, त्यांच्यावर एक पाकळी नव्हती. फुललेल्या या एकाच झाडाखाली पलाशनाथ बाबा एकवीस दिवस बसून होता. लोकांना विश्वास ठेवायला एवढं पुरे झालं.

"पळस फागुनात फुलते," बाबा डोळे मिटून सांगत होता. "फागुनाले अजून वेळ हाय. मग हा आताच काहून फुलला? तपाची गरमी लागली त्याले. जे झाडाले झालं तेच तुमच्या शरीराले होईल. पण गोळी आणि सुई म्हणजे अविश्वास. तो इथं सोडा आणि अकरा दिवस फुलाचा काढा घ्या."

झाडाच्या बुंध्याशी टोपली ठेवली होती. मी वाकून पाहिलं. रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचे पंप, इन्सुलिनचे पेन, सगळं उन्हात तापत पडलेलं. मला शिसारी आली. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि टोपलीभोवती हात जोडून बसलेल्यांत माझेच तीन विद्यार्थी होते. एक तर इंजिनियर.

टोपलीतल्या एका पेनावर फुलपाखराचा स्टिकर होता. तो पेन मी ओळखला. माझ्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या सुभद्राची दामिनी चौदा वर्षांची आहे. नवव्या वर्षापासून तिला इन्सुलिन लागतं. मी तडक तिच्या घरी गेले.

दामिनी खाटेवर पडली होती. श्वास जोरजोरात चालला होता, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता, आणि उशाशी पाण्याचे दोन तांबे रिकामे होते.

"परवापासून नाही टोचलं, मॅडम," सुभद्रा माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाच वर्षं झाली, मी पोरीले रोज टोचून राहिली. तिच्या पोटावर जागा नाही उरली. बाबा म्हणते, सुई गेली की पोरगी बरी होते."

"हिला आत्ताच्या आत्ता मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं आहे. इन्सुलिन नाही म्हणून रक्तात विष साठतंय, हे बरं होणं नाही."

"मग पळस फुलला तो खोटा हाय का? त्या चार झाडाईले काहून नाही आलं फूल?"

मी दामिनीला उठवायला पुढे झाले, तर सुभद्रा खाटेच्या आडवी उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या कौसल्याबाई बादली घेऊन आत आल्या. दरवर्षी त्या पळसाची फुलं वाळवून होळीचा रंग करतात आणि साऱ्या गल्लीला वाटतात. त्यांनी बादली जमिनीवर पालथी केली. काळ्या मखमली कळ्यांचा ढीग पडला. त्यात अर्धवट उमललेली केशरी फुलंही होती.

"हे पाय वं, सुभद्रे. चार दिवसाआधी मी नाल्यापलीकडच्या चारही झाडाईवर कळ्या पाहिल्या होत्या. आज उजाडता फुलं आणाले गेली, तर बाबाचा चेला गोविंदा काठीले विळा बांधून कळ्या पाडून राहिला होता. मले पाहून पळाला. एक पोतं नाल्यात सापडलं, त्यातलं हे."

सुभद्रा खाली बसली. एक कळी उचलून तिने देठ पाहिला. देठ विळ्याने कापलेला, अजून ओला होता. मग तिने दामिनीला उचललं. मी ऑटो थांबवला.

"संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर काही सांगता आलं नसतं," दवाखान्यात दामिनीला सलाईन लावून डॉक्टर म्हणाले. सुभद्राने भिंतीला डोकं टेकलं. मला तिचा राग येत होता आणि राग येण्याची लाजही वाटत होती.

दुपारी मी मैदानात परतले, तेव्हा कौसल्याबाई ती बादली आणि पिशवीभर बरण्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कळ्या लोकांसमोर ओतल्या. गोविंदा मागच्या मागे सटकला. बाबाने डोळे मिटले आणि "कलियुग, कलियुग" सुरू केलं.

गर्दीतून सुशील नावाच्या एका पोराने विचारलं, "ते ठीक हाय, मावशी. पण पाचही झाडं पौषात फुलली कशी? चमत्कार तर झालाच न?"

कौसल्याबाईंनी बरण्या ओळीने मांडल्या. त्या पहिलं फूल मिळेल त्या दिवशी बरणीला तारखेची चिठ्ठी लावतात. १९९६ ची चिठ्ठी चोवीस फेब्रुवारीची. २००८ ची अकरा फेब्रुवारीची. गेल्या वर्षीची एकोणीस जानेवारीची. "एखादं वरीस मागं-पुढं जाते," त्या म्हणाल्या. "पण साऱ्या चिठ्ठ्या वाचा बाप्पा."

मग मी बोलले. झाडाला पंचांग ठाऊक नसतं, त्याला थंडी आणि ऊन कळतं. एका वर्षाच्या फुलांवरून काही ठरवू नये. पण तीस वर्षांच्या बरण्या एकाच बाजूला सरकत असतील, तर विचार करायला हवा. या पौषात रात्री किती घरांत पंखे चालू आहेत? बाबा म्हणाला, गरमी लागली. तेवढंच त्याचं खरं. ती त्याच्या तपाची नव्हती. इंधन जाळून, धूर सोडून आपण सगळ्यांनी वाढवलेली होती. हवामान बिघडल्याची खूण दिसली आणि आपण तिच्यापुढे नारळ फोडले.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, बाबाला त्यांनी नेलं. तरीही जाताना चार-पाच जणांनी झाडाखालची फुलं पदरात, खिशात भरलीच. त्यांतला एक माझा इंजिनियर विद्यार्थी होता. त्याच्याकडे मला बघवेना.

सहाव्या दिवशी दामिनी घरी आली. तिने कौसल्याबाईंकडून रिकामी बरणी मागून घेतली, यंदाची तारीख विचारली आणि चिठ्ठीवर लिहिलं : "पहिलं फूल, दोन जानेवारी." सुभद्रा नव्या पेनाची सुई बसवत होती. तिने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "पुढच्या साली मी लिहीन."

तुम्हीही लिहा. दारातलं झाड अवेळी फुललं तर हात जोडू नका. तारीख लिहून ठेवा, शेजारच्या झाडाकडे बघा, आणि कुणी औषध सोडा म्हणाला तर आधी त्याला सोडा.