कळप वर जाण्याआधी

मेरेआना तामिहाना फ्रेंच शिकली ती मेंढरांवर ओरडून. त्यामुळे तिला 'तुम्ही' म्हणणं कधी जमलंच नाही. मेंढीला कोण अहो-जाहो करतं? न्यूझीलंडहून पहिल्यांदा आली तेव्हा 'हल', 'थांब' आणि 'पाय आवर, भवाने' एवढ्या भांडवलावर तिनं अख्खा वसंत काढला. पुढं भाषा वाढली, पण 'तू' काही सुटलं नाही. पाववालीला तू, डॉक्टरला तू, एकदा तर रस्त्यात गाडी अडवणाऱ्या पोलिसालाही, "तुला काय हवंय?" पोलीस आधी भडकला, मग तिच्या केसांत अडकलेली लोकर बघून हसला आणि म्हणाला, "जा बाई, जा."

हा तिचा तिसरा वसंत होता. गावी तिच्या मामांची मेंढ्या भादरणाऱ्यांची मोठी टोळी होती, पण तिच्या हातात मशीन कुणी दिलं नव्हतं. मामा भादरायचे, ही लोकर उचलायची. "तुझा हात चांगला आहे गं, पण आधी भाऊ शिकू देत," असं म्हणत म्हणत तिची तिशी उलटली. शेवटी चुलतबहिणीकडून कळलं, फ्रान्समध्ये कुणी मायते लाक्रांप नावाची बाई आहे, तिला माणसं कमी पडताहेत. मेरेआनानं विमान पकडलं.

मायते साठीच्या पुढची. कानात बांगडीएवढ्या रिंगा, आवाज असा की कुत्रीसुद्धा दबून असायची. टोळीची व्हॅन तीच चालवायची, रस्सा तीच शिजवायची, शेतकऱ्यांशी भांडायचीही तीच. एप्रिलमध्ये लिमुझँची कुरणं, मग आवेरोंची पठारं, मग खाली पिरेनीजच्या दऱ्या. आज जेवण इथं, तर पुढची अंघोळ तीन जिल्ह्यांपलीकडं. रविवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या मशिनीत कपडे धुवायचे आणि धावत्या व्हॅनच्या खिडक्यांना बांधून वाळवायचे. लोकरीच्या तेलानं तळहात लोण्यासारखे मऊ राहायचे. कंबर मात्र संध्याकाळी दुसऱ्या कुणाचीतरी वाटायची.

त्या वर्षी टोळीत तिसरा होता योलो. वेल्सचा, हाडकुळा आणि अखंड बडबड्या. पहिली जागा, म्हणजे दाराजवळची, त्याची. भादरणाऱ्यांत पहिल्या जागेवरचा माणूस जो वेग धरतो, तोच सगळ्यांचा वेग. मेरेआना दुसऱ्या जागेवर.

मेच्या शेवटी ते पिरेनीजमधल्या ओसोच्या दरीत फिर्मां कासासूसच्या वाड्यावर पोचले. परवा दरीतले कळप उन्हाळ्यासाठी डोंगरावर चढायचे होते. रस्ता बंद, शाळेला सुट्टी, सगळं ठरलेलं. त्याआधी कासासूसची सगळी मेंढरं भादरून हवी होती.

म्हातारा ताठ होता. बायको ओदेतसुद्धा त्याला पन्नास वर्षं 'तुम्ही'च म्हणत आली होती. मेरेआना व्हॅनमधून उतरली आणि म्हणाली, "तू कासासूस का? मेंढरं कुठं ठेवलीस?"

ओदेतच्या हातातली बादली निसटली. म्हातारा मायतेकडं वळून म्हणाला, "ह्या मादामना सांगा, मेंढरं मागच्या आवारात आहेत."

पहिल्या दिवशी दुपारीच घात झाला. एका एडक्यानं मान झटकली आणि योलोचा अंगठा शिंग आणि खांबाच्या मधे सापडला. डॉक्टरनं हाताला पट्टी घातली आणि चार आठवडे मशिनीला हात लावू नकोस म्हणून बजावलं. निम्म्याहून जास्त कळप अजून लोकरीत होता. त्यातच पश्चिमेकडून काळं आभाळ वर चढत होतं.

ओली मेंढी भादरता येत नाही. लोकर सडते, मशीन अडतं आणि भादरणाऱ्याच्या अंगावर फोड येतात. आणि कासासूसच्या गोठ्याचं छप्पर त्याच महिन्यात उतरवलेलं. कळप रात्रभर उघड्यावर राहिला असता.

"संपलं," मायते म्हणाली. "उरलेली तशीच वर न्या, फिर्मां. नाइलाज आहे."

"त्या लोकरीत वर नेली तर उन्हानं कोसळतील," म्हातारा म्हणाला. "आणि सगळी दरी बघत असेल. अर्धी बोडकी, अर्धी झिपरी."

मेरेआना कुंपणापलीकडं बघत होती. तिथं एक लांबलचक गोठा उभा होता. कोरडा आणि रिकामा. "तो कुणाचा?"

कासासूसनं तोंड फिरवलं. मग ओदेत हळूच म्हणाली, "लाबार्तचा. पण आमचं बोलणं नाही."

"का?"

"त्याचा एडका," कासासूस एकेक शब्द चावत म्हणाला, "आमच्या कळपात शिरला. त्या वर्षीची सगळी कोकरं वाकड्या शिंगांची निघाली."

"कधी?"

"बावीस वर्षं झाली," ओदेत म्हणाली.

योलोला हसू आवरेना. मायतेनं त्याच्या पायावर पाय दिला.

मेरेआना मात्र हसली नाही. तिच्या मामांनी एका कुत्र्यावरून तिच्या आईशी असाच अबोला धरला होता. आई गेली तरी तो सुटला नव्हता. तिनं कासासूसचा दंड धरला. "चल."

"कुठं?"

"त्याच्याकडं. तू मागायचं नाहीस, मी मागते. तू नुसता उभा राहा. पण टोपी काढून."

म्हातारा खरंच गेला. का गेला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित त्याची आई गेल्यापासून दंड धरून त्याला कुणी ओढलंच नव्हतं.

लाबार्त अंगणात लाकडं फोडत होता. जाडजूड, लालबुंद. मेरेआना थेट त्याच्यासमोर उभी राहिली. "तुझा गोठा दे. दोन रात्री. ह्याची मेंढरं भिजतील."

लाबार्तनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मागच्या उघड्या पांढऱ्या डोक्याकडं. कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून तो म्हणाला, "टोपी घाला, कासासूस. सर्दी होईल तुम्हाला."

"तुमचा गोठा..." कासासूस घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"दार जड आहे. एकट्यानं उघडत नाही." लाबार्त चालू लागला. "या."

अंधार पडायच्या आत सगळी मेंढरं आत गेली आणि मग पाऊस आला.

सकाळी मायतेनं कानातल्या रिंगा काढून ओदेतच्या हातात ठेवल्या. "दहा वर्षांत मशीन धरलं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या जागेवर मी. पहिल्यावर तू."

"मी?"

"मग काय, योलोची पट्टी?"

मेरेआनानं मशीन सुरू केलं. पहिली मेंढी मांडीशी टेकवली, पोटावरची लोकर काढली, पाय मोकळे केले आणि मानेपासून पाठीपर्यंत लांब हात फिरवला. लोकर सायीसारखी बाजूला होत गेली. वेग आता तिनं धरायचा होता. मामांच्या गोठ्यात लोकर उचलता उचलता, कुणाचंही लक्ष नसताना, तिनं प्रत्येकाचा हात डोळ्यांनी पिऊन घेतला होता. पण तिनं त्यांच्यातल्या कुणाचाच वेग धरला नाही. स्वतःचा धरला.

छपरावर पाऊस कोसळत होता. दोन्ही म्हातारे मेंढरं पकडून आणत होते. सुरुवातीला मुक्यानं, मग एकमेकांवर खेकसत.

"शिंगाला धरू नका, लाबार्त!"

"ही वाकडी शिंगं धरायलाच तर केलीत आमच्या एडक्यानं!"

कासासूस थबकला. आणि मग असा काही हसला की हातातली मेंढी सुटून गोठाभर धावली.

योलो एका हातानं लोकर गोळा करत ओरडला, "बघा रे, मी वेल्सचा नामांकित भादरणारा, आणि आता हिचा झाडूवाला!"

"बोलू नको, उचल!" मेरेआना म्हणाली. ही ऑर्डर ती आयुष्यभर ऐकत आली होती. द्यायला किती मजा येते, ते तिला आज कळलं.

दुपारनंतर मायतेचा गुडघा धरला. "मी थांबते," ती म्हणाली. तोंडावरून घाम निथळत होता. "तूही थांब. जेवढी झाली तेवढी झाली."

मेरेआनानं तोंडावर पाणी मारलं, पातं बदललं. "कासासूस! काय झोपलास? आण पुढची!"

"आणतो, बाई, आणतो!" दरीतला सगळ्यात ताठ माणूस ओरडत धावला.

शेवटची मेंढी पांढरीशुभ्र होऊन तिच्या पायांतून उठली आणि टुणकन उडी मारून कळपात गेली, तेव्हा दारातून संध्याकाळचा उजेड येत होता. पाऊस थांबला होता. मेरेआनानं कंबर सरळ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून ती तशीच वाकलेली हसत राहिली. मायते लंगडत आली आणि तिनं तिला दोन्ही गालांवर मुके दिले, मग राहवेना म्हणून आणखी दोन.

"पुढच्या वर्षी व्हॅन दोन," मायते म्हणाली. "एक माझी, एक तुझी. माणसं तू निवड."

"बायका निवडल्या तर?"

"तर मी रस्सा जास्त टाकते. बायका जास्त जेवतात."

दुसऱ्या दिवशी कळप निघाला. घंटांचा आवाज गावात शिरण्याआधीच लोक दारात आले होते. पुढं कासासूस आणि लाबार्त, दोघांच्या काठ्या सारख्याच उंचीच्या, आणि त्यांच्या मधे मेरेआना. तिनं मागं राहायचं म्हटलं होतं, पण म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. "भादरलं कुणी?" एवढंच म्हणाला. ऊन पडलं होतं आणि ताज्या भादरलेल्या पाठी दुधासारख्या चमकत होत्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या रस्त्यानं वाजवल्या. शाळेतली मुलं भिंतीवर चढून ओरडत होती.

वरच्या कुरणावर पोचल्यावर पाव, चीज आणि वाइन निघाली. दरीतल्या पुरुषांनी गोल करून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गायला सुरुवात केली. लाबार्तचा हात कासासूसच्या खांद्यावर होता. गाणं संपलं आणि ओदेत मेरेआनाला म्हणाली, "आता तू. तुमच्याकडचं."

मेरेआना उठली. समोर बर्फाची शिखरं होती, खाली दरी, आणि मधे तिच्या हातांनी मोकळी झालेली मेंढरं गवत ओरबाडत होती. आजीनं शिकवलेलं गाणं तिनं आधी हळू धरलं, मग छाती भरून. शब्द कुणालाच कळत नव्हते. दुसऱ्या कडव्याला कासासूसनं खालच्या सुरात हुंकार भरला, त्याला लाबार्तनं सूर जोडला, आणि बघता बघता सगळा डोंगर तिच्यामागून गाऊ लागला.