साडेचार लिटर

भूषणच्या गॅरेजला काचेचं ऑफिस आहे. आत गार हवा, सोफा, पाण्याचा कूलर. माझ्या गॅरेजला लिंबाचं झाड आणि एक बाक. दोन्ही धुळ्यातच, हायवेलगत, समोरासमोर. मी इथे बावीस वर्षं आहे, तो चार. सकाळी शटर वर केलं की माझी नजर आधी त्याच्या दारात जाते. किती गाड्या, कुणाच्या, पार रावेरहून आलेल्या किती. जळतं मला. खोटं कशाला सांगू?

त्यात त्याच्याकडे ते स्कॅनर. गाडीला वायर जोडायची, की बिघाड काय ते मशीन सांगणार. मग मिस्तरीने कान काय नुसते बिडी अडकवायला ठेवलेत?

गेल्या सोमवारी भडगावच्या हिलाल आबांची पांढरी गाडी त्याच्या दारात दिसली. आबांची! त्या गाडीचं ऑइल पहिल्या दिवसापासून मी बदललेलं. आणि आबा सोफ्यावर बसून निवांत पेपर वाचत होते. त्या दिवशी मी जेवणाचा डबा अर्धा परत नेला.

गुरुवारी तीच गाडी निळसर धूर सोडत माझ्या दारात येऊन थांबली. इंजिन थरथरत होतं.

"मगन, दख बरं काय हुयनं," आबा उतरत म्हणाले. "ऑइल बदलं आन् दुसरा दिनपाईन धूर काढी ऱ्हायनी."

"मंग जठे बदलं तठेच जावानं ना, आबा. तठे सोफा शे."

"तुना बाक मन्ही कंबरले सहन व्हत नही रे. म्हनीसन गऊ."

मी बॉनेट उघडलं. हवेच्या नळीच्या तोंडाशी तेल ओथंबलं होतं. ऑइल मोजायची काडी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. ऑइल जास्त भरलं होतं आणि ते हवेच्या वाटेने इंजिनात शिरून जळत होतं. वायर नाही, मशीन नाही, दोन मिनिटांत निदान!

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ओरडलो, "भूषणशेठ, जरा या इकडे! तुमच्या मशीनला मोजता येत नाही वाटतं!" टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. हेच मला हवं होतं.

"गिऱ्हाईक आहे भाऊ, दहा मिनिटांत आलो," तो तिकडून म्हणाला.

आबा टपरीवर चहा घ्यायला गेले. मी गाडीखाली शिरून बोल्ट सैल केला आणि थोडं थोडं तेल मापात सोडत गेलो. काडीवर तेल खुणेला आलं तेव्हा मापात बरोबर एक लिटर होतं.

एक लिटर. तो आकडा मला टोचला. मी बॉनेटच्या आतल्या बाजूला पाहिलं. तिथे माझाच कागद चिकटवलेला होता, माझ्याच अक्षरात: ऑइल साडेचार लिटर.

या इंजिनात मावतं साडेतीन. जुनं तेल सोडल्यावर खालचा बोल्ट उघडाच ठेवून मी वरून लिटरभर नवं तेल ओततो. तळाचा गाळ धुऊन निघतो. मग बोल्ट लावून साडेतीन भरतो. माझ्या उस्तादांची ही पद्धत. दुकानातून किती तेल आणायचं ते आबांना कळावं म्हणून मी साडेचार लिहिलं होतं. धुण्याचं लिहिलं नव्हतं. माझ्या गाडीला दुसरा कुणी हात लावेल, हेच मला कधी वाटलं नव्हतं.

मी स्क्रूड्रायव्हरने कागद खरवडून काढला आणि चोळामोळा करून खिशात कोंबला. लाज वाटत होती, पण हात थांबले नाहीत.

भूषण आला, मागोमाग आबाही. भूषणने माप पाहिलं, काडी पाहिली. मग त्याची नजर बॉनेटच्या आत गेली. कागदाच्या जागी डिंकाचा ताजा खरवडलेला डाग उरला होता. तो डागाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी मापाकडे बघत राहिलो.

"आबा, चूक माझी," तो म्हणाला. "काडीवर तेल जास्त दिसलं होतं. तेव्हाच काढायला पाहिजे होतं. नळी आणि फिल्टर मी नवीन बसवून देतो."

"बठ्ठं मशीनना भरोसावर!" आबा कडाडले. "आतेपाईन मी मगनकडेच येसू!"

हे वाक्य ऐकायला मी चार दिवस तळमळत होतो. भूषण मान खाली घालून ऐकत होता. नळी आणायला निघताना माझ्याजवळ थांबून तो हळूच म्हणाला, "भाऊ, आकडा तुमचा होता, म्हणून मी काडीवर विश्वास ठेवला नाही."

आणि गेला. मला त्याचा असा राग आला! भांडायचं ना! आबांसमोर माझं नाव घ्यायचं, चार शिव्या द्यायच्या. मी त्याला बघून घेतलं असतं. असं गप्प राहून जाणं मला जमलं नसतं, सात जन्मांत जमलं नसतं. स्कॅनर काय, मीही हप्त्यावर आणीन. हे कुठून आणू?

खिशातला कागद काढून मी आबांसमोर मडगार्डवर सपाट केला.

"आबा, हाऊ आकडा मन्हा शे. तो मन्हा भरोसावर चुकना."

आबांनी चष्मा लावून कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग तो बोलना काबर नही?"

"तो मन्हापेक्षा मोठा मिस्तरी शे, आबा."

बावीस वर्षांत हे मी कुणाबद्दल बोललो नव्हतो. बोलताना घशाशी जळलं, आणि अजून जळतंय.