चाखलेल्या चमच्यातला मी

मित्रांनो, मी एक जुना अमायलेज आहे. जुना म्हणजे आज सकाळचा. आमच्यात एवढ्यात केस पिकतात. तुमच्या पुस्तकात आम्हाला विकर म्हणतात. पचनापासून श्वासापर्यंत शरीरातली कामं आम्ही भराभर उरकतो. माझ्या वाट्याला पिठूळ पदार्थ आले. स्टार्चची लांब साखळी दिसली, की तोडायची आणि साखर मोकळी करायची. थांबणं मला कुणी शिकवलंच नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या लाळेत माझा जन्म झाला. न्याहारीला पावाचा घास मी एकट्याने गोड केला. सोबत लाखभर भाऊबंद होते, पण ते नुसते बघत होते.

दुपारी मात्र माझी बोबडी वळली. बाईच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पातळ घोट त्यांच्या श्वासनळीत जायचा. काल तर ते ठसक्याने निळे पडले होते. सूप कॉर्नफ्लॉवर घालून मधासारखं घट्टच द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाईने वाटीत सूप काढलं, फार गरम नाही ना म्हणून चाखलं आणि तोच चमचा परत वाटीत ठेवला. पोरं वाढवताना लागलेली सवय. चमच्यावर मी होतो.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. बाई मापं घ्यायला गेली आणि मी कॉर्नफ्लॉवरमधल्या स्टार्चच्या साखळ्या तोडत सुटलो. सूप पातळ होत चाललं. समोर आजोबा भुकेले बसलेले. मी भीतीने अर्धा झालो, पण काम काही थांबेना.

बाई परतली. चमचा ओठांशी आला, तशी आजोबांनी तोंड मिटलं.

"बाबा, आता नखरे नकोत."

"ओघळतंय ते," आजोबा अडखळत म्हणाले.

"पीठच भिकार आहे. कालही असंच झालं."

"पातेल्यातलं बघ."

जन्मभर कुलपं दुरुस्त केलेला माणूस. बिघाड कुठे आहे ते शोधल्याशिवाय सोडणार नाही. बाईने पातेल्यातला डाव तिरका केला. सूप मधासारखं सावकाश पडलं.

"पीठ तेच," आजोबा म्हणाले. "मग वाटीत जास्तीचं काय गेलं?"

बाई चमच्याकडे बघत राहिली. "माझं उष्टं. म्हणजे काल मीच..."

"काल मेलो नाही ना? मग दुसरा चमचा आण. भूक लागलीय."

तिने वाटी-चमचा उकळत्या पाण्यात टाकले. त्या उष्णतेने माझी घडी विस्कटली, धार गेली. बुडबुड्यांतून मी पाहिलं: आजोबांनी नव्या वाटीतल्या घट्ट सुपाचा एक घोट गिळला. खोकला नाही. मग दुसरा.

मेलेला अमायलेज बोलतो कसा, ते विचारू नका. आजारी माणसाला भरवताना चाखायचा चमचा तेवढा वेगळा ठेवा. मित्रांनो, आम्हाला स्टार्च ओळखता येतो, माणूस नाही.