नळीतलं पाणी

आबासाहेबांनी धोतराचा सोगा आवरला, घरघरणाऱ्या मोटारीमागं उकिडवं बसून धुराच्या नळीखाली तळहात धरला. टप, टप, टप. उठून तो ओला हात त्यांनी याकोबच्या नाकासमोर नाचवला.

"हे काय हाय?"

"पाणी."

"माज्या पेट्रोलात पानी! लढाईमुळं थेंबाथेंबाला कुपन लागतंय, आन तू पेट्रोल राहात्याच्या बाजारात इकून टाकीत पानी वततोस? चोर!"

तो 'चोर' असा दणदणीत होता, की विहिरीवरच्या बन्सीनं मोट थांबवली आणि गोठ्यातली मालनबाई शेणाच्या हातांनीच बाहेर आली. अकरा वर्षं याकोब ही मोटार चालवत होता. अकरा वर्षांत गाडीला कधी धक्का मारावा लागला नव्हता, आणि आज भर अंगणात ही पदवी! त्याच्या अंगाची लाही लाही झाली. हातातलं फडकं त्यानं पिळून पिळून दोरीसारखं केलं.

"पेट्रोल जळताना वाफ होते, आबासाहेब. पौषातल्या रात्री गारठलेल्या नळीत तिचं पाणी होतं. इंजिन तापलं की थांबेल. टाकीत पाणी असतं, तर मोटार सुरू तरी झाली असती का?"

"आगीतनं पानी निघतंय व्हय? मला शिकवतोस? घे मग शपथ! तुमच्या बायबलावर हात ठिव आन सांग."

"शपथ नाही घेणार मी."

आजोबा मिशनात गेले तेव्हापासून याकोबच्या घरात कुणी शपथ वाहिली नव्हती. खरं असेल ते सरळ बोलायचं, त्यासाठी देवाला साक्षीला ओढायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. पण आबासाहेबांना ते कुठून कळावं?

"बगा रं! शपथंला भेलं बेनं!"

याकोबनं इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

तेवढ्यात आबासाहेबांचे व्याही सहादेवराव निघाले. काल संध्याकाळी ते नगरहून आले होते. त्यांची मोटार रात्रभर लिंबाखाली उभी होती. त्यांच्या ड्रायव्हरनं ती सुरू केली. मागच्या दोन्ही नळ्यांतून आधी पांढरी वाफ आली, मग टप, टप, टप. धुळीत रुपयाएवढाले ओले ठिपके पडले. बन्सीनं मालनबाईकडं पाहिलं. मालनबाईनं आबासाहेबांकडं.

"थंडीत रोज गळते ही," सहादेवराव हसत म्हणाले. "दहा मिनिटांत थांबतं. असतंच ते."

"व्हय, व्हय. असतंय की!" आबासाहेब म्हणाले.

ऐका! व्याह्याच्या मोटारीतून पडलं ते पाणी, आणि याकोबच्या मोटारीतून पडली ती चोरी!

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली. आबासाहेबांनी याकोबला दंडाला धरून मोटारीच्या आडोशाला नेलं आणि आवाज खाली आणला.

"चुकलं माजं. इसर आता. कोपरगावच्या कोर्टात तारीख हाय, गाडी काढ."

याकोब जागचा हलला नाही.

"चोर म्हणालात अंगणात, आणि चुकलो म्हणताय आडोशाला?"

"मग काय करू, बाबा? खंडोबाची शपथ घिऊन सांगतो..."

"शपथ नको. नुसतं सांगा. मघाशी ओरडलात तेवढ्या मोठ्यानं."

आबासाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, परत ठेवलं. याकोबकडं पाहिलं. तो विहिरीकडं बघत उभा होता. शेवटी आबासाहेब आडोशातून बाहेर आले. दोनदा खाकरले.

"ऐका रं! याकोबनं चोरी केली न्हाई! म्या उगाच बोललो त्येला!"

मालनबाईनं तोंडाला पदर लावला. बन्सीनं बैल वळवले आणि मोट पुन्हा करकरायला लागली.

"झालं समाधान?" घाम पुसत आबासाहेब म्हणाले. "चल, बस आता."

याकोबनं खिशातून किल्ली काढली, फडक्यानं नीट पुसली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"आरं, हे काय?"

"सलाम, आबासाहेब. तुम्ही ओरडलात तेव्हाच जाणार होतो. पण चोर म्हणून जायचं नव्हतं."