पायाशी बसलेला कुत्रा

अभिराज सव्वादोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. दिवसभर माझी नजर त्याच्या ओठांवर. सासूबाईंनी (घरात सगळे त्यांना अक्काच म्हणतात) देवघरातल्या गुहेतल्या स्वामींना नवस बोलला : पोर बोललं की त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन.

स्वामी म्हणजे पणजोबांनी आणलेलं, काळ्या रेघांचं चित्र. गुहा, कृश दाढीवाले बाबा, मांडीवर पोथी, शेजारी नारळ. पायाशी कुत्रा, म्हणजे दत्तसंप्रदायाचेच, असं अक्कांचं ठाम मत. दर गुरुवारी काचेवर गंध. चित्र निम्मं त्याखालीच.

काचेला तडा गेला म्हणून ते घेऊन मी गांधी बझारात नागोजीअण्णांच्या फ्रेमच्या दुकानात गेले. अण्णांनी काच काढली, भिंग धरलं.

"तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेघा उठवून छापलंय. विलायती काम. अन् ताई, ह्या नारळाला दात आहेत हो!"

कवटी होती. कुत्र्याला आयाळ. खाली रोमन अक्षरं.

"कुणीतरी ख्रिस्ती साधू," अण्णा म्हणाले. "नवी काच घालू की स्वल्प थांबू?"

"घाला," म्हटलं खरं. पण मग नवस पोचला कुठे? मी त्या नवसाला हसले होते. आणि गेल्या गुरुवारी अक्का अंघोळीला गेल्यावर गुपचूप हातही जोडले होते. मराठीत मागितलेलं यांना कळलं असेल?

घरी येऊन चित्र भिंतीला टेकवलं आणि अक्कांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावला.

"नारळालाही डोळे असतातच की गं."

"आणि दात?"

अक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग हळूच म्हणाल्या, "मग माझ्या नवसाचं काय?"



तेवढ्यात अभिराज दुडुदुडु चित्रापाशी गेला. लख्ख काचेवर बोट ठेवलं.

"भू भू."

आम्ही हललोसुद्धा नाही.

"भू भू," पुन्हा, माझ्याकडे बघत.

त्याच्या स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या होत्या, प्राण्याचा आवाज योग्य प्राण्यासाठी काढला तर तो शब्द म्हणून धरायचा. योग्य! हा तर सिंह. माझ्या जिभेवर आलंच होतं.

अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. "बोलला ना गं? हे धरायचं ना?"

"हो रे राजा," मी त्याला म्हणाले, "भू भूच तो."

"वजन किती झालं याचं?" अक्का डोळे पुसत उठल्या.

मी सांगितलं. गूळ कुणाच्या नावानं वाटायचा, ते मात्र दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.